आजी-आजोबांचा रकाना

१९४१ साली पुण्यात 'मराठी भाषेचा विकास' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. वा. गो. परांजपे यांनी तो फ्रेंचमधून मराठीत आणला होता. मूळ लेखक ज्यूल ब्लॉक हे पॅरिसचे. १९१४मध्ये प्रबंध म्हणून पुरं झालेलं हे काम १९२०मध्ये ग्रंथरूपानं छापलं गेलं आणि मराठीच्या शास्त्रशुद्ध इतिहासाचा पाया त्यातून घातला गेला, हे आजही भाषेचे अभ्यासक मान्य करतात. ब्लॉक यांचं काम काय होतं ते दोन-तीन शब्दांवरूनही कळेल. हिंदीत 'छह' म्हणतात, तिथे आपण 'सहा' म्हणतो. संस्कृत 'मत्स्य' प्राकृतात 'मच्छ' झाला आणि मराठीत 'मासा' होऊन बसला. 'क्षेत्र' हिंदीत 'खेत' झालं, मराठीत मात्र 'शेत'. वरवर पाहिलं तर ही बोलणाऱ्यांची लहर वाटते. ब्लॉक यांनी दाखवून दिलं की त्यात नियम आहे, प्राकृतातला 'छ' मराठीत येताना 'स' किंवा 'श' होतो, आणि जिथे तसं झालेलं नाही तिथे शब्द बहुधा बाहेरून आलेला असतो. ग्रंथाच्या शेवटी त्यांनी मराठी शब्दांची व्युत्पत्तिसूची जोडली. प्रत्येक शब्दापुढे त्याचं प्राकृत रूप, संस्कृत रूप, शेजारच्या भाषांतली भावंडं. शब्दांच्या कुळाचा तो तक्ताच होता. पुण्यात ही पानं मराठीत वाचली जात होती, त्याच वर्षी पॅरिसमध्ये ती लिहिणाऱ्या माणसाच्या कुळाचा तक्ता सरकार मागत होतं. ब्लॉक ज्यू होते.

१९४०च्या जूनमध्ये फ्रान्स पडला. पॅरिससह उत्तरेचा भाग जर्मन लष्कराच्या ताब्यात गेला आणि दक्षिणेतल्या व्हिशी या गावातून मार्शल पेतँ यांचं सरकार कारभार हाकू लागलं. या सरकारनं ३ ऑक्टोबर १९४० रोजी ज्यूंचा दर्जा ठरवणारा कायदा केला. कायद्याची कलमं शांतपणे, कारकुनी नजरेनं वाचावीत अशीच आहेत. ज्याचे तीन आजी-आजोबा 'ज्यू वंशाचे' तो ज्यू. जोडीदार ज्यू असेल तर दोनही पुरेत. ज्यू माणसाला सरकारी अधिकारपद नाही, न्यायासन नाही, अध्यापन नाही. कायदा जाहीर झाल्यापासून दोन महिन्यांत त्यानं जागा सोडायची. आठव्या कलमात एक फट ठेवली होती: साहित्य, विज्ञान किंवा कला या क्षेत्रांत ज्यानं फ्रेंच राज्याची असाधारण सेवा केली असेल, त्याला स्वतंत्र हुकमानं सूट देता येईल. १९३७पासून 'कॉलेज द फ्रान्स'मध्ये प्राध्यापक असलेल्या ब्लॉक यांच्यासारख्या माणसापुढे या कायद्यानं दोनच वाटा ठेवल्या. जागा सोडा, नाही तर आपण असाधारण असल्याचा अर्ज करा.

या काळातल्या विद्यासंस्थांची दप्तरं संशोधकांसाठी खुली झाली, त्याला आता बरीच वर्षं झाली. हॉलंड, फ्रान्स, ऑस्ट्रिया, इटली, सगळीकडे अकादम्या आणि विद्यापीठं आपल्या ज्यू सदस्यांचं काय झालं ते स्वतःच्याच कागदांतून शोधत आहेत. या शोधाबद्दल माझं म्हणणं एकच आहे. संस्थेचं दप्तर खोटं नसतं, पण एकट्यानं वाचलं तर फसवतं. त्यात घडलेली गोष्ट असते, मात्र ती करणारा नसतो. म्हणून त्या कागदाशेजारी दुसरा कागद ठेवावा लागतो, आणि तो पुष्कळदा भलत्याच गावी सापडतो. ब्लॉक आणि त्यांच्या पिढीतल्या ज्यू प्राच्यविद्यापंडितांच्या बाबतीत तो दुसरा कागद बऱ्याच अंशी आपल्याकडे आहे.

मार्सेल मोस यांचं उदाहरण घेऊ. समाजशास्त्राच्या अभ्यासकांना हे नाव परिचित आहे. ते संस्कृत शिकले ते सिल्व्हँ लेव्ही यांच्याकडे, म्हणजे ब्लॉक यांच्याच गुरूंकडे. १९४०च्या शरदात मोस यांनी उच्च अध्ययनाच्या 'एकोल प्रातिक' या संस्थेतलं विभागप्रमुखपद सोडलं. संस्थेला आपल्यामुळे त्रास नको, हा त्यांचा विचार होता. दप्तरात या घटनेला शब्द आहे 'राजीनामा'. शब्द खरा आहे, सहीही त्यांचीच. पण हा कागद एकटा वाचला तर एक वयोवृद्ध प्राध्यापक स्वेच्छेनं बाजूला झाला असंच कुणीही समजेल. त्याशेजारी कायद्याचं कलम ठेवलं की शब्दाचा अर्थ उलटतो. १९४२मध्ये जर्मनांनी त्यांना राहत्या घरातूनही बाहेर काढलं. तो कागद संस्थेच्या फायलीत नसतो, कारण घराशी संस्थेचा संबंध नाही. 'राजीनामा', 'सेवानिवृत्ती', 'रिक्त जागा' हे कोणत्याही कचेरीतले नेहमीचे शब्द त्या दोन-तीन वर्षांत एका मोठ्या अन्यायाचं पांघरूण झाले. पुढच्या पिढीतला अभ्यासक 'रिक्त जागा' वाचतो आणि पान उलटतो.

सूट मागणाऱ्या अर्जांचं वाचन तर आणखी अवघड. इतिहासकार मार्क ब्लॉक यांना आठव्या कलमाखाली सूट मिळाली. (आडनाव एकच असलं तरी हे निराळे ब्लॉक.) फायलीत हा कागद दयेचा पुरावा म्हणून दिसतो, आणि युद्धानंतर काहींनी तो तसा वापरलाही: बघा, आम्ही आमच्या माणसांना वाचवलं. पण सूट मिळालेले प्राध्यापक बोटांवर मोजण्याइतके होते. शिवाय त्या अर्जाचा घाट पाहा. ज्याचं काम सगळ्या जगाला ठाऊक आहे त्यानं आपल्या पुस्तकांची, पदकांची, युद्धातल्या सेवेची यादी स्वतःच्या हातानं द्यायची आणि काल जे आपसूक होतं ते आज मेहेरबानी म्हणून मागून घ्यायचं. मार्क ब्लॉक पुढे प्रतिकार-चळवळीत गेले, पकडले गेले, आणि १६ जून १९४४ रोजी लिआँजवळ त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. सूट देणारा हुकूम मात्र फायलीत जागच्या जागी शाबूत आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो संस्थांच्या बाजूनं, आणि तो हलका नाही. कायदा सरकारचा, शहरात परकी फौज. विद्वानांच्या मंडळानं करायचं तरी काय? या प्रश्नाला तारखा उत्तर देतात. हॉलंडमध्ये १९४०च्या ऑक्टोबरात सगळ्या सरकारी नोकरांना 'आर्य' असल्याचं घोषणापत्र भरायला लावलं, आणि बहुतेक सगळ्यांनी ते भरलं. नोव्हेंबरात ज्यू प्राध्यापकांना कामावरून दूर केलं. त्यांत लायडन विद्यापीठातले कायद्याचे नामवंत प्राध्यापक मायर्स होते. २६ नोव्हेंबर १९४० रोजी मायर्स यांच्या तासाच्या वेळी त्यांचे सहकारी आणि कायदा विभागाचे अधिष्ठाता क्लेव्हरिंगा व्यासपीठावर उभे राहिले. मायर्स कोण आहेत, त्यांचं काम काय आहे, हे त्यांनी भरल्या सभागृहात सविस्तर सांगितलं, आणि त्यांना काढण्याच्या हुकमाची जागा कुठे आहे तेही. विद्यार्थ्यांनी संप केला, विद्यापीठ बंद पडलं, क्लेव्हरिंगा कित्येक महिने तुरुंगात राहिले. मायर्स यांची हद्दपारी त्यामुळे टळली नाही, हे खरं. ते छळछावण्यांतून जिवंत परतले तो भाग वेगळा. पण लायडनच्या दप्तरात 'रिक्त जागा' एवढाच शब्द उरला नाही. तिथे कर्त्याचं नाव घेणारा दुसरा कागद त्याच दिवशी तयार झाला.

फ्रान्समध्ये तर हुकूम बजावणारे हातही विद्वानांचेच होते. कायदा आला तेव्हा शिक्षणखातं सांभाळणारे रिपेर हे कायद्याचे प्राध्यापक, आणि १९४१च्या फेब्रुवारीपासून ते खातं पाहणारे कार्कोपिनो हे प्राचीन रोमचे गाजलेले इतिहासकार. ज्यू विद्यार्थ्यांची संख्या शेकडा तीनवर आणणारा जून १९४१चा नियम कार्कोपिनो यांच्याच कारकिर्दीतला. मार्क ब्लॉक यांच्या बाजूनं शब्द टाकणारेही तेच, म्हणून त्यांना एका वाक्यात निकालात काढणं मला पटत नाही. परंतु 'विद्वान असहाय होते' हा बचाव इथे लागू पडत नाही. कुणाचं नाव यादीत आहे आणि कुणाला अपवाद करायचं, हे ठरवणारी मंडळी एकमेकांचे ग्रंथ वाचलेली होती.

आता पुन्हा त्या आजी-आजोबांच्या रकान्याकडे. पहिल्या कायद्यात 'ज्यू वंश' म्हणजे काय याची व्याख्याच नव्हती. २ जून १९४१च्या दुसऱ्या कायद्यानं ती भरून काढली: जो आजोबा किंवा जी आजी ज्यू धर्माची, ती व्यक्ती ज्यू वंशाची समजावी. म्हणजे वंश सिद्ध करायला धर्माचा दाखला, आणि त्या दाखल्यावरून नातवाचं रक्त ठरवायचं. ब्लॉक यांच्यासारख्या अभ्यासकानं एका शब्दाची व्युत्पत्ती अशी मांडली असती तर त्याला प्रबंध परत मिळाला असता. हॉलंडच्या घोषणापत्रातला 'आर्य' शब्द तर उचललाच होता भाषाशास्त्राच्या दुकानातून. मॅक्स म्यूलर यांनी १८८८मध्ये बजावून ठेवलं होतं की 'आर्य' ही भाषांना लावायची संज्ञा आहे, कवटीला किंवा रक्ताला नव्हे. ब्लॉक यांचा वेदकाळापासून आधुनिक काळापर्यंतच्या भारतीय-आर्य भाषांवरचा मोठा ग्रंथ १९३४चा. त्यात 'आर्य' म्हणजे ध्वनींची आणि प्रत्ययांची एक परंपरा, आणि ती द्राविडी शेजारानं किती बदलली याचा हिशोब त्यांना सतत मांडावासा वाटत होता. कूळ शोधणं हे काम त्यांनी जन्मभर केलं, पण त्यातून शुद्धता कधी निघाली नाही. निघाली ती सरमिसळ, उसनवारी, शेजारधर्म. कुळाचा तोच प्रश्न सरकारी रकान्यात गेल्यावर माणसाच्या पोटावर आला.

प्रागची कथा अधिक काळोखी आहे. महाभारताची चिकित्सक आवृत्ती निघावी असा आग्रह प्राच्यविद्या परिषदांमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ज्यांनी धरला, त्या मॉरिझ विंटरनिट्झ यांचं अध्यापन प्रागच्या जर्मन विद्यापीठात झालं. तेही ज्यू. हे काम अखेर केलं ते १९१७मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेनं. वि. स. सुखटणकरांनी आदिपर्वाला १९३३मध्ये जी प्रस्तावना जोडली तिच्यात विंटरनिट्झ यांचं ऋण मोकळेपणानं मानलं आहे, आणि सिल्व्हँ लेव्ही यांच्या मताचं खंडनही तितक्याच मोकळेपणानं केलं आहे. नीलकंठी पाठ छापून खाली पाठभेद द्यावेत, ही लेव्ही यांची सूचना सुखटणकरांना मान्य नव्हती. का नाही ते त्यांनी सविस्तर लिहिलं. विद्वत्सभेचं सदस्यत्व म्हणजे नेमकं काय, असं कुणी विचारलं तर मी ती पानं पुढे ठेवीन. तुमचं मत छापून, त्याचा मान राखून, ते पुराव्यानं खोडण्याइतपत आम्ही तुम्हाला आपलं मानतो, एवढं त्यात आहे. लेव्ही १९३५मध्ये वारले, विंटरनिट्झ १९३७मध्ये. पुढचं त्यांना पाहावं लागलं नाही.

विंटरनिट्झ यांच्या परंपरेतले ऑटो स्टाइन यांना मात्र ते पाहावं लागलं. मेगॅस्थेनीसचा वृत्तान्त आणि कौटिल्याचं अर्थशास्त्र यांची कलमवार तुलना करून दोघांचा काळ एक नसावा असं म्हणणारा त्यांचा ग्रंथ १९२१चा. र. पं. कंगले यांनी मुंबई विद्यापीठासाठी अर्थशास्त्राची आवृत्ती सिद्ध केली तेव्हा स्टाइन यांच्या युक्तिवादाला त्यांना उत्तर द्यावंच लागलं. कौटिल्यावरची ही मराठी विद्वत्ता स्टाइनशी भांडूनच उभी राहिली आहे. १९४१च्या शरदात प्रागहून पाच गाड्यांनी पाच हजार ज्यूंना पोलंडमधल्या वूच शहराच्या बंदिस्त वस्तीत नेलं. स्टाइन तिथेच गेले आणि १९४२मध्ये संपले. त्यांचा जैनविषयक अभ्यास १९४८मध्ये अहमदाबादेत मुनी जिनविजय यांनी संपादून छापला. त्यांच्या शहरातल्या यादीत ते एका गाडीतला एक क्रमांक होते. अहमदाबादच्या मुखपृष्ठावर ते लेखक आहेत. दुसरा कागद भलत्या गावी सापडतो म्हणालो तो असा.

दुसरा आक्षेप आपल्या बाजूचा आहे, आणि तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. शहाड-कल्याणच्या वाचकानं पॅरिसच्या प्राध्यापकांची दुःखं का वाचावीत? त्याच वर्षांत इथे 'चले जाव'ची धरपकड होती, १९४३मध्ये बंगालात लाखो माणसं भुकेनं मेली. हे सगळं खरं आहे, आणि एकाचं दुःख वाचल्यानं दुसऱ्याचं कमी होत नाही एवढ्यावर हा आक्षेप मिटत नाही. उत्तर असं की माणसं रकान्यांत वाटण्याचा तो उद्योग इथेही आला होता. १९३९मध्ये युद्ध पुकारताच इंग्रज सरकारनं हिंदुस्थानातल्या जर्मन नागरिकांना शत्रूचे नागरिक म्हणून अहमदनगरच्या छावणीत गोळा केलं. हिटलरच्या तावडीतून निसटून मुंबईला पोचलेले ज्यूही त्यांत होते. बर्लिनच्या कागदावर जो 'ज्यू' म्हणून नको होता, तो नगरच्या कागदावर 'जर्मन' म्हणून आत गेला. माल्कम डार्लिंग यांच्या समितीनं एकेकाची चौकशी केली आणि पुष्कळांना सोडलं, ही मोठी गोष्ट. पुरंदर आणि साताऱ्याला मात्र काहींचे दिवस पुढेही नजरकैदेत गेले.

आणि ज्यू म्हणजे परका हे समीकरण तर आपल्या जिल्ह्यात पहिल्यापासून चुकीचं आहे. ठाण्यात बेने इस्राएलांचं 'शाआर हाशामायिम' हे सिनेगॉग १८७९पासून उभं आहे. या समाजाची भाषा मराठी. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून पूर्वज आले ही त्यांची कथा, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनवार तेली' हे त्यांचं कुलाब्यातलं जुनं नाव, आणि आडनावं किहीमवरून केहीमकर, राजपुरीवरून राजपूरकर. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी एकोणिसाव्या शतकात हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. गावावरून आडनाव घेणारी ही रीत शेजारच्या आगऱ्या-कोळ्यांनी, ब्राह्मण-मराठ्यांनी आपली मानली आणि कुणाचे आजोबा विचारले नाहीत, असं सरसकट म्हणण्याइतका मी भाबडा नाही. जातीचा रकाना आपल्याकडे फार जुना आहे आणि त्यानंही माणसांच्या पोटावर पाय दिलेला आहे. म्हणूनच हा इतिहास आपण दुरून वाचू शकत नाही.

याद्या माणसं वाचवतातही. शहाड स्टेशनाला लागून, आजच्या उल्हासनगरच्या जागी, युद्धकाळात लष्कराचा कल्याण कॅम्प होता. दोन हजारांहून जास्त बराकी होत्या. फाळणीनंतर त्याच बराकींत सुमारे एक लाख सिंधी निर्वासित आले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं. आजही लोक पत्ता सांगताना कॅम्प एक, कॅम्प दोन असंच म्हणतात. त्या कॅम्पातही याद्या झाल्या: कुटुंबात माणसं किती, बराक कोणती, रेशन किती. पॅरिसचा तक्ता आणि कॅम्पातला तक्ता, दोन्हींत नाव, वय, कुटुंब. पण एकात माणसाकडून काय काढून घ्यायचं हे विचारलं होतं आणि दुसऱ्यात काय देऊ केल्यावर तो जगेल ते. दप्तर उघडणाऱ्या संशोधकानं रकान्याचं हे मथळ्यातलं वाक्य आधी वाचायला हवं, नावं त्यानंतर.

'पुण्यातल्या प्रस्तावना आणि भाषांतरं यांना दप्तराचा दर्जा देणं ताणलेलं आहे' असंही कुणी म्हणेल. परांजपे भाषांतर करत होते, निषेध नोंदवत नव्हते, सु. मं. कत्रे यांनी १९४२मध्ये कोकणीच्या जडणघडणीवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला, तोही ब्लॉक यांच्या ग्रंथाच्या धर्तीवर, पण पॅरिसच्या कायद्याला उत्तर म्हणून नव्हे. मान्य आहे. मी त्यांच्या हेतूचा दावा करतच नाही. पुरावा म्हणून त्यांची किंमत वाढते ती त्यांना पॅरिसचं काही साधायचं नव्हतं म्हणूनच. कागद लिहिणाऱ्याला जे सिद्ध करायचं नव्हतं, तेच बहुधा विश्वासार्ह असतं. 'असाधारण सेवा' सिद्ध करायचा अर्ज पॅरिसमध्ये मागितला जात होता त्या दोन वर्षांत, पुणे-मुंबईतले अभ्यासक त्या सेवेवर रोज उभे राहून काम करत होते.

२५ ऑगस्ट १९४४ला पॅरिस मुक्त झालं. ब्लॉक जगले. १९४६मध्ये त्यांचा द्राविडी भाषांच्या व्याकरणावरचा ग्रंथ आला, 'कॉलेज द फ्रान्स'मधलं त्यांचं अध्यापन १९५१पर्यंतचं आहे, आणि १९५०मध्ये, सत्तराव्या वर्षी, त्यांनी अशोकाच्या लेखांची आवृत्ती प्रसिद्ध केली. त्या लेखांपैकी आठव्या लेखाचा एक तुकडा आपल्याच भागातला आहे. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, सोपाऱ्याला, १८८२मध्ये भगवानलाल इंद्रजींना तो मिळाला. दगड फुटलेला, ओळींची सुरुवात आहे तर शेवट नाही. एकट्या त्या दगडावरून काहीच उमगत नाही. गिरनारचा आणि कालसीचा तोच लेख शेजारी ठेवायचा, एकेक अक्षर जुळवत जायचं, मग गळालेले शब्द आपल्या जागी परत येतात आणि राजा शिकार सोडून धर्मयात्रेला निघाल्याचं वाक्य पुरं होतं.